प्रभूच्या मेजावरची कडक भाकरी

कडुनिंबाला मोहोर येतो तेव्हा आमचे उपवासाचे चाळीस दिवस चालू असतात. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती माणसानं चाळीस दिवस जिभेला आवर घालायचा, असा रिवाज आहे. सोलापुरात त्याची वेगळी गरज काय, हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी नऊला पत्रा तापतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा भुंकायचं टाळतं. येशू अरण्यात चाळीस दिवस राहिला म्हणतात. आमच्याकडं राहिला असता तर सैतानच पहिल्या आठवड्यात कंटाळून गेला असता.

पण याच दिवसांत द्राक्षाच्या गाड्या येतात. गाडीवाला घडांवर पाणी मारत बसतो आणि जाणारा-येणारा त्या थंडाव्यासाठी जरा तिथं रेंगाळतो. परवा मीही असाच रेंगाळलो, तर समोर एस्तेरबाई. आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. आवाज असा की भोंगा लावायची गरज नाही.

"जॉबरमामा, यंदा ईस्टरच्या प्रभुभोजनाचा ब्रेड आमी आणतो. तुमी नुसती अंघोळ करून या."

"का वं? गेल्या साली उपाशी राहिलात का?"

"उपाशी न्हाय राहिलो. पर माजी कवळी अजून हलतीया."

गाडीवाला हसला. मीपण हसलो, आणि पाव किलो द्राक्षं घेऊन घरी आलो. घड धुतला, ताटलीत ठेवला, आणि गेल्या सालचा सगळा उन्हाळा त्या ताटलीभोवती येऊन बसला.

मी पॉवरलूमवर जॉबर होतो. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा. चादरी, टॉवेल, सगळं माझ्या हाताखालनं गेलं. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं धर्माचं काही सांगायला लागलो की पोरं म्हणतात, मामा, तुमाला काय कळतंय. खरं आहे. पण जेवायचं मला कळतं, आणि प्रभुभोजन हे शेवटी जेवण आहे.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर गोष्ट सोपी आहे. येशू ज्या रात्री पकडला गेला, त्याच संध्याकाळी तो आपल्या माणसांना घेऊन जेवायला बसला. भाकर मोडून दिली, प्याला फिरवला. भाकर म्हणजे माझी काया, प्याल्यातलं म्हणजे माझं रक्त, असं समजा म्हणाला, आणि मी गेल्यावर माझी आठवण ठेवून असंच करत जा म्हणाला. मरायला निघालेला माणूस मागं काय काय सांगून जातो. वरचा मजला पुरा करा, पोरीचं चांगलं ठिकाण बघा, अमक्याला दारात उभं करू नका. हा म्हणाला, जेवा. पुतळा उभारा म्हणाला नाही, मिरवणूक काढा म्हणाला नाही. एकत्र बसा आणि जेवा. मोठमोठे पाळक यावर तास तास बोलतात आणि शेवटी हातावर वाटाण्याएवढा तुकडा ठेवतात, ते सोडा.

आमच्या चर्चमध्ये हे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, शिवाय नाताळ आणि ईस्टरला. त्याची सगळी तयारी माझ्या बायकोकडं होती. सुशीला. शनिवारी ती काळे मनुके भिजत घालायची, उकळायची, मलमलच्या फडक्यातनं गाळायची. आमच्याकडं दारू चालत नाही, म्हणून हा द्राक्षरस. घरभर असा गोड वास सुटायचा की माग बंद पडल्याची चिठ्ठी घेऊन कारखान्यातनं आलेला माणूससुद्धा दारात उभा राहून म्हणायचा, वैनी, आज काय हाय? ती म्हणायची, तुमच्यासाठी काय न्हाय.

मग ब्रेड. स्लाइस एकावर एक रचून ती चारी बाजूंच्या कडा कापायची आणि मधल्या पांढऱ्या भागाचे चौकोनी तुकडे करायची. असे सारखे, की साच्यातनं पाडलेले. आणि त्या कापलेल्या कडा? त्या मला. कांदा, मिरची, हळद घालून फोडणीचा ब्रेड. प्रभूला मधला मऊ भाग, मला कडा. चाळीस वर्षं. पहिला रविवार आला की इतरांना पापांची आठवण व्हायची, मला कडांची.

एक रिवाज मात्र सांगायला पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं. मनात कुणाशी भांडण ठेवून प्रभूच्या मेजाशी यायचं नाही. आधी सलोखा, मग तुकडा. माझ्या लहानपणी प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी आमच्या वस्तीत लोक एकमेकांच्या घरी जायचे, उंबऱ्याबाहेर उभं राहून "सलाम" म्हणायचे. समोरच्यानं उलटा "सलाम" म्हटला की भांडण मिटलं. चहासुद्धा लागत नव्हता. माझे दोन चुलते एका कोंबड्यावरून वर्षभर भांडत होते. दर महिन्याच्या शनिवारी सलाम, रविवारी शेजारी बसून प्रभुभोजन, आणि आशीर्वाद म्हणून झाला की चर्चच्या पायरीवर पुन्हा कोंबडा. माझा बाप म्हणायचा, प्रभूनं यांच्यासाठी जीव दिला, पर कोंबडं द्यायला पायजे होतं.

कोंबडा म्हातारा होऊन मेला तेव्हा दोघंही रडले. भांडायला काही राहिलं नाही म्हणून.

सुशीलाच्या आणि माझ्या भांडणाची तऱ्हा वेगळी होती. आमच्या घरात कधी कुणी "चुकलं" म्हणालं नाही. ती अबोला धरायची. ताट वेळेवर यायचं, पण ते यायचं टाकल्यासारखं. दोन-तीन दिवस जायचे. मग एका जेवणाला ती आपल्या ताटातली भाकरी मोडायची आणि अर्धी माझ्या ताटात ठेवायची. बोलायची काही नाही. मी ती खाल्ली की मिटलं. माझ्या ताटात आधीच्या दोन भाकऱ्या असल्या तरी ती अर्धी खावी लागायची. कितीतरी वेळा पोट फुटेस्तोवर सलोखा केलाय मी.

गेल्या सालच्या जानेवारीत पहिल्या रविवारी फोडणीचा ब्रेड पुढं आला आणि माझं डोकं फिरलं. का फिरलं, आजही सांगता येणार नाही. म्हणालो, "चाळीस वर्षं झाली, माज्या नशिबी कडाच. मधलं कधी तरी माणसाला द्यावं." दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात ठेवली.

मी ती उचलली आणि परत तिच्या ताटात ठेवली. "नको. माजं मला हाय."

तिनं ती डब्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पाणी यायचा दिवस होता. पहाटे उठून तिनं पिंप भरलं, दोन हंडे भरले, तिसरा नळाखाली लावला आणि भिंतीला टेकून बसली. हंडा भरून वाहत होता म्हणून मी आतनं ओरडलो, अगं, पाणी चाललंय. पाणी चाललं होतं, आणि ती पण गेली होती.

सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण. असेल. मी डब्यातली अर्धी भाकरी बघितली आणि झाकण लावलं.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचं तबक बाकावरनं सरकत माझ्याकडं आलं. मी ते पुढं सरकवलं. मार्चमध्ये परत तेच. कारण सलोखा झाला नव्हता, आणि करायचा कुणाशी? एका शनिवारी मी कब्रस्तानात गेलो. कबरीच्या पायथ्याशी उभा राहून म्हणालो, "सलाम." परत म्हणालो, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण शेजारच्या कबरीला फुलं घालणारी बाई माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं, तिलाच म्हणतोय. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "सलाम, सलाम." सलोखा झाला, पण भलत्याच बाईशी.

घरात एकट्याचं जेवण म्हणजे कसलं जेवण. ओट्याशी उभं राहून, भांड्यातनंच. ताट घेतलं तर धुवावं लागतं. मुलगी पुण्याहून फोन करून विचारायची, जेवलात का? मी म्हणायचो, व्हय. त्यातलं अर्धं खरं असायचं. आणि एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली, की दुसऱ्या कुणाच्या चावण्याचा आवाज नसला की आपलाच आवाज मोठा होतो. डोक्यात गिरणी चालल्यासारखा. सुशीला पापड खायला लागली की मी चिडायचो, हळू खा की. आता कुणी माझ्या कानाशी बसून अख्खं पापडाचं पाकीट संपवलं असतं तरी मी हूं का चूं केलं नसतं.

त्याच उन्हाळ्यात एका भर दुपारी पाळकसाहेब घरी आले. तरुण माणूस, नगरकडचा, बोलणं मऊ. सोलापूरचं ऊन लागून तांबडा झालेला. मी ताक दिलं. तांब्या रिकामा करून ते म्हणाले, "मामा, तबक पुढं का सरकवता?"

मी सांगितलं. अर्ध्या भाकरीचं सगळं. सांगून झाल्यावर म्हणालो, "तुमीच शिकवता की, भांडण ठेवून येऊ नका. माजं भांडण वर गेलंय. तिथं सलाम पोचत न्हाय."

त्यांनी तांब्याच्या कडेवरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "मामा, त्या संध्याकाळी मेजाभोवती कोण कोण बसलं होतं? एक त्याला धरून द्यायला निघालेला. एक, सकाळ व्हायच्या आत 'मी याला ओळखत नाही' म्हणणारा. बाकीचे पळून जाणारे. त्याला हे सगळं माहीत होतं. कुणाच्या हातातली भाकर त्यानं काढून घेतली का?"

"न्हाय."

"मग?"

"म्हंजे वाया गेलेल्यांसाठीच मांडलेलं जेवण म्हणायचं ते."

"हो की," पाळकसाहेब म्हणाले. एका वर्षात "की" लावायला शिकले होते. "चांगल्या माणसांना बक्षीस म्हणून असतं तर आपण पेढे वाटले असते."

बोलणं मला पटलं. पण पटणं वेगळं आणि घशाखाली उतरणं वेगळं. मी तसं सांगितलं. तर जाता जाता चप्पल घालत ते म्हणतात, "बरं, खाऊ नका. पण ईस्टरला ब्रेड तुम्ही आणा. सुशीलाबाईंचं काम आहे, ते घरात राहू द्या. रस एस्तेरबाई करतील."

"काम करीन. खाणार न्हाय."

"बघा," म्हणाले, आणि उन्हात गेले.

आता माझा स्वभाव जॉबरचा. काम अंगावर आलं की आधीच करून मोकळं व्हायचं. सुशीला ब्रेड शनिवारी संध्याकाळी आणायची. मी म्हटलं, शुक्रवारी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, दुकानं चालू असतील नसतील, शनिवारी गर्दी. गुरुवारीच आणला. उंदीर लागू नये म्हणून पत्र्याच्या पेटीत ठेवला, वर चादर. तीन रात्री आणि तीन दुपारी सोलापूरच्या उन्हात तो ब्रेड पेटीत शिजत होता. रविवारी सकाळी पेटी उघडली तर त्याला हिरवी दाढी आली होती.

उपासना नऊला. घड्याळात सव्वासात. रविवारी आमच्या बाजूला दुकानं आरामात उघडतात. एक उघडं होतं, तिथं ब्रेड संपलेला. फक्त गोड बन होते, वर लाल-हिरवी टुटीफ्रुटी लावलेले. प्रभूच्या शरीरावर टुटीफ्रुटी लावायचं धाडस मला झालं नाही.

परत येताना शिवगंगाक्काच्या दारात चूल पेटलेली दिसली. आमच्या गल्लीतली ही बाई, अक्कलकोटकडची, लिंगायत. कडक भाकऱ्या करून विकते. ज्वारीची पातळ भाकरी, निखाऱ्यावर सुकवून पापडासारखी केलेली. महिना महिना टिकते. हिरवी दाढी येत नाही.

"एनाय्त्री मामा?" काय झालं, असं तिनं कानडीत विचारलं. "सणाच्या दिवशी तोंड असं का?"

मी सांगितलं. तिनं हातातलं पीठ झाडलं, आत गेली, फडक्यात बांधलेली भाकऱ्यांची चवड घेऊन आली. "कालच्या हायत. देवाला चालतात का?"

"देवाला चालतील. चर्चच्या पंचांचं सांगता येत न्हाय."

"मग पंचांना पाण्यात भिजवून द्या," ती म्हणाली, आणि चुलीकडं वळली.

चर्चच्या मागच्या खोलीत बसून मी भाकऱ्या मोडल्या. सुशीलाचे तुकडे चौकोनी, सारखे. माझे म्हणजे फुटलेली कौलं. कोणी त्रिकोणी, कोणी टोकदार. चवड काही मोठी नव्हती, म्हणून खिडकीतनं डोकावून बाकांवरची माणसं मोजली आणि तेवढेच तुकडे केले. मला धरलं नाही. उरलेला चुरा एका कागदात बांधला, तबकांवर पांढरं फडकं घातलं आणि कुणाला काही न सांगता जाऊन शेवटच्या बाकावर बसलो.

यावर नंतर पंचांची बैठक बसली, हे सांगून टाकतो. गहू की ज्वारी, दीड तास. एक पंच म्हणाले, प्रभूनं गव्हाचीच खाल्ली असणार. दुसरे म्हणाले, प्रभूच्या गालीलात काय पिकत होतं हे तुम्ही बघून आलाय का? तिसरे म्हणाले, प्रभू सोलापूर जिल्ह्यात जन्मला असता तर त्याच्या आईनं काय थापलं असतं, ते सांगा. शेवटी ठराव झाला की झालं ते झालं, पण पुढच्या वेळी मऊ असावं.

तर ईस्टरची उपासना. चर्च भरलेलं, पंखे गरागरा. गीतं झाली, उपदेश झाला. पाळकसाहेबांनी फडकं उचललं. एक क्षण त्यांचं तोंड असं झालं, की मागाचा धोटा मध्येच अडकावा. मग त्यांनी मला शोधलं. मी जमिनीकडं बघितलं. मोडून दाखवायला मी एक अख्खी भाकरी वर ठेवली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली, प्रार्थना केली, आणि मोडली.

समोर माईक चालू होता. कडाऽऽक्.

गॅलरीतली कबुतरं उडाली. पुढच्या बाकावरचं झोपलेलं बाळ उठून रडायला लागलं. पाळकसाहेबांचे ओठ थरथरत होते. मंडळीला वाटलं, भरून आलंय.

तबकं फिरायला लागली. एरवी प्रभुभोजनाच्या वेळी कशी शांतता असते. प्रत्येकजण डोळे मिटून, आपापला तुकडा, आपापली पापं. ब्रेड जिभेवर विरघळतो, शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही. त्या दिवशी पहिल्या बाकावर कड् झालं. मग दुसऱ्यावर कड् कड्. लोकांनी आधी हळू चावून बघितलं, पण कडक भाकरी हळू चावली तर जास्त वाजते. एस्तेरबाईंच्या कवळीनं मोठा आवाज दिला आणि त्यांनी गाल धरला. मग कुणाला हसू आवरेना. बायकांच्या बाजूला खांदे हलायला लागले. बाकामागून बाक, सगळं चर्च कडाकडा खात होतं, अवकाळीच्या गारा पत्र्यावर पडाव्यात तसं.

आणि मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होतो. तीन महिन्यांनी मी दुसऱ्या माणसांच्या जेवण्याचा आवाज ऐकत होतो. मला वाटलं, ही पंगत आहे. इतकी वर्षं मी हिला विधी समजत होतो. आठवण ठेवून जेवा म्हणाला होता तो, आणि माझी सुशीला इथं असती तर तोंडात पदर कोंबून हसली असती, आणि हसता हसता खाल्लं असतं. मला भूक लागली. खरी, पोटातली.

तबक माझ्यापर्यंत आलं. रिकामं. मीच मोजून केले होते तुकडे. तळाला दोन कण होते, ते पंख्यानं उडाले.

माझ्या शेजारी शमुवेल अण्णा बसले होते. ऐंशी पार केलेले, तोंडात एकही दात नाही. ते आपला तुकडा हातातच धरून बसायचे, रसाचा पेला आला की त्यात बुडवून खायचे. त्यांनी रिकाम्या तबकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आपला तुकडा मोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला.

"नको" हा शब्द माझ्या तोंडात कायम तयार असतो. तो जिभेवर आलासुद्धा.

"धर की," अण्णा कुजबुजले. "लई मोटा केलायस. आन् माजा हात अवघडलाय."

मी घेतला.

तोवर सगळ्यांचं खाऊन झालं होतं. गारा थांबल्या होत्या. पाळकसाहेबांचा हात रसाच्या पेल्यांकडं गेला होता. चर्च एकदम गप्प. आणि त्या गप्प चर्चमध्ये मी चावलं.

कड्.

सगळी डोकी मागं वळली. मी तोंड घट्ट मिटलं. वाटलं, तसंच गिळून टाकावं, पण टोक घशाला टोचायला लागलं. पाळकसाहेबांनी पेल्यांवरचा हात मागं घेतला. माईकपासून जरा बाजूला होऊन त्यांनी मला हातानं खूण केली, सावकाश. कुणी खोकलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. एस्तेरबाईंनी गाल धरूनच मान हलवली, व्हय, व्हय, चावा म्हणून. शंभर-सव्वाशे माणसं हातावर हात ठेवून, एका म्हाताऱ्याचं जेवण होईस्तोवर थांबून राहिली.

मग मीपण घाई केली नाही.